देवरावचा वर्ग आणि माझा उजवा हात

देवराव, बबनच्या डोक्यात फळी मी घातली.

चौदा वर्षांत हे वाक्य मी कोणाजवळ काढलं नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही, तुझ्याजवळ तर नाहीच. आता कागदावर उतरवलं आणि पहिलं काय केलं, तर उठून दाराला कडी लावली. घरात कोणी नाही, तरी लावली.

तुझ्या योगाच्या वर्गातली मंडळी तेरवीला एक छोटी पुस्तिका वाटणार आहेत. सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्याहिले कोण ओळखे?" मी मान हलवली. तू कुठे जन्मलास, शेवटी काय दुखणं झालं, ते बाकीचे लिहितील. मला एकच गोष्ट ठाऊक आहे जी दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, आणि ती सोडून तुझ्याबद्दल काहीही चांगलं लिहिलं तरी ते खोटं होईल.

मारबतीचा दिवस होता. तुला काय सांगायचं, पण पुस्तिका बाहेरगावचेही वाचतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, संगतीला बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. गावची रोगराई, गावची पीडा त्या पुतळ्यांच्या गळ्यात घालायची, शिव्या देत वेशीबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. सारं शहर रस्त्यावर असतं. लकडगंजातली आपली आरा मशीन त्या दिवशी बंद होती. मी तिथला मुनशी, लाकडाची मापं लिहिणारा. तू पात्यांना धार लावणारा. बबन हमालांचा मुकादम.

सहा वर्षं बबन मला येता-जाता मानेवर टप्पल मारायचा. "काय बे मुनशी!" आणि फट्. हमाल हसायचे. मीही हसायचो, तेच वाईट. त्या मारबतीच्या चार दिवस आधी तू त्याचं मनगट हवेतच धरलंस. कानस चालवून चालवून तुझे पंजे लोखंडाचे झालेले. सगळ्यांसमोर म्हणालास, "पुन्हा याच्या अंगाले हात लावशीन तर हात मोडून देईन." बबनचा चेहरा पांढरा पडला. मला तुझे आभार मानायला हवे होते. मला शरम वाटली. माझ्यासाठी दुसऱ्याला भांडावं लागलं, याची.

त्या दिवशी मी चष्मा विसरलो होतो म्हणून मशीनवर गेलो. चष्मा खिशात टाकून वळलो, तर बबन एकटाच बसला होता, प्यायलेला. मला पाहून त्याला मजा सुचली. कॉलर धरून त्यानं मला ओंडक्यावर उभं केलं, मशीनचं काळं ऑइल दोन्ही हातांनी माझ्या तोंडाला फासलं, पाठीत तुटका झाडू खोचला आणि ओरडायला लागला, "हा आमचा बडग्या! घेऊन जा गे मारबत!" बाहेर ढोल वाजत होते. तो एकटाच ओरडत होता, एकटाच हसत होता, ठसका लागेपर्यंत. मग दमला. खाली बसला. खांद्यावरचं फडकं माझ्याकडे फेकून म्हणाला, "पूस बे तोंड. मजाक होती. असा घरी जाशीन तर बायको भिईन."

हे मला सांगायलाच हवं, देवराव. त्यानं मला फडकं दिलं. मी ते घेतलं. तोंड पुसलं. तो पाठ फिरवून विडी पेटवायला लागला. तेव्हा मी मारलं.

दोन हात लांब सागाची फळी होती, टोकाला खिळा. पहिला घाव बसला तेव्हा कच्चं कवठ फुटावं तसा आवाज झाला. बबन "अबे?" एवढंच म्हणाला. ओरडला नाही, नुसतं विचारल्यासारखं. उठायला गेला तसा दुसरा कानावर. तो आडवा झाला, तोंड भुशात, पाय हलत होते. पहिले दोन घाव रागाचे होते असं मी स्वतःला समजावू शकतो, आणि समजावलंही आहे. तिसऱ्याच्या वेळी मी चष्मा घातला होता. खिशातून काढून घातला. नेम धरला.

फळी भुशाच्या ढिगात खोल खुपसली. पुढं भट्टीवाले तो भुसा घेऊन गेले, त्यात जळाली असेल. पोलिसांना ती कधीच मिळाली नाही.

तेवढ्यात तू मागच्या फाटकातून आलास. मशीन बंद असली की पातं उतरवायचं, ही तुझी रीत. हातात कानशींची पिशवी. तू आधी त्याच्याकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "कोणी तरी मारून पळालं." तू म्हणालास, "मध्या, तोंड धू. कानामागं काळं आहे. मंग डॉक्टरले आण."

आधी तोंड धू, मग डॉक्टर. या क्रमाचा मी चौदा वर्षं विचार केला आहे.

मी हौदावर तोंड धुतलं आणि निघालो. डॉक्टरकडे गेलो नाही. गर्दीत शिरलो. दोन्हीकडून माणसं रेटत होती, पिवळी मारबत डोलत समोरून चालली होती, आणि सगळे ओरडत होते तसा मीही ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

तू मांडीवर त्याचं डोकं घेऊन बसलास. चौकीदारानं तुला तसंच पाहिलं आणि तो बोंब मारत रस्त्यावर धावला. बबन तुझ्याच मांडीवर गेला. तू त्याच्यावर आपला दुपट्टा पांघरलास आणि दोन गल्ल्या चालून घरी गेलास. मढं शिवलं की आंघोळ करायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तू अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केलीस, कपडे दगडावर धुतलेस, दोरीवर टाकलेस. मग रोजच्यासारखं पाटावर मांडी घालून श्वास लांबवत बसलास. पोलीस आले तेव्हा धोतराचं पाणी अजून गळत होतं.

या एका आंघोळीनं तुझा घात केला. कागदावर लिहिलं गेलं की आरोपीनं रक्ताचे कपडे धुऊन पुरावा नष्ट केला. चार दिवसांपूर्वीचं भांडण हमालांनी सांगितलंच. ठाणेदारानं विचारलं, "संगतीनं कोण होतं?"

तू म्हणालास, "कोणी नाही. मी एकटाच."

ठाण्यातल्या त्या आठ दिवसांचं तू मला फार पुढं सांगितलंस, तेही हसत, जणू दुसऱ्याची गंमत. तुला टेबलावर पालथं पाडून तळव्यांवर पट्टा मारायचे. उमरेडच्या ज्या म्हाताऱ्या विणकराकडे तू योग शिकलास, त्याचं एकच सांगणं तुला आठवत होतं, की घाव बसला की श्वास सोडायचा, ओढायचा नाही. तू सोडत होतास. हवालदाराला वाटलं हा फुसफुसून आपली टर उडवतो. "रडत काहून नाही बे?" म्हणून आणखी मारलं. डाव्या हाताची दोन बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं. ती शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

मी विचारलं, "मग उपयोग काय झाला तुझ्या योगाचा? उलट जास्त मार खाल्ला."

"योगानं मार कमी नाही लागत गा," तू म्हणालास. "मार संपला का मी शिल्लक राहो, एवढंच."

सव्वा वर्ष तू कच्चा कैदी होतास. एका ताटावरून एकानं दुसऱ्याचा गाल चमच्यानं फाडला, त्याच बराकीत तू सकाळी माणसांना पाठ सरळ करायला बसवायचास. जामिनावर आलास. मग तारखा. आज साक्षीदार नाही, उद्या साहेब रजेवर. तुझे वकील तुला कोर्टाच्या व्हरांड्यात हळूच सांगायचे, "अहो, जरा रडा ना साहेबांपुढे. असं बसता जसे प्रवचनाला आलात." तू म्हणायचास, "वकीलसाहेब, रडणं आलं तर थांबवत नाही. पण आणू कुठून?" सरकारी वकिलानं तेच हेरलं. बोट दाखवून म्हणाला, खुनानंतर तासाभरात हा मनुष्य घरी मांडी घालून श्वास मोजत होता, इतका हा थंड रक्ताचा. मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रत्येक तारखेला यायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा.

बबनची आईही यायची. एकदा पायऱ्यांवर ती तुझ्या तोंडावर थुंकली. "मुडद्या, तुले किडे पडतीन!" तू पुसलंही नाहीस लगेच. वाकून तिच्या पायाला हात लावलास. ती लाथ मारून गेली. तिच्या आणि माझ्यामध्ये दोन हात अंतर होतं. मला पाहून ती म्हणाली, "भाऊ, जरा रिक्षा बोलावून दे." मी दिली.

तू सुटलास. फळी मिळाली नाही, चौकीदाराची साक्ष डगमगली. निकालात निर्दोष असा शब्द नव्हता. संशयाचा फायदा, असा होता. शहरानं त्याचा अर्थ बरोबर लावला, की मारलं यानंच, वाचला.

मशीनमालकानं तुला परत घेतलं नाही. तू मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात वर्ग सुरू केलास. सुरुवातीला आले कोण, तर ज्यांच्यावर केस होती तेच. निलंबित झालेला तलाठी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाचा हात तोडलेला मौद्याचा एक जण, नवऱ्यानं जाळायचा प्रयत्न केलेली एक शिक्षिका, मान अर्धी भाजलेली. लोक म्हणायचे कोर्टवाल्यांचा वर्ग. देवळातले बुवा म्हणायचे, "देवराव, तुहा वर्ग सुटला का चपला मोजून घ्याव लागते." तू म्हणायचास, "मोजा बुवा. जास्तच निघतीन." तारखेच्या आदल्या दिवशी तू त्या-त्या माणसाला पुढच्या रांगेत घ्यायचास. "उद्या साहेब काय म्हणतीन ते साहेबाच्या हातात आहे. तू श्वास किती लांब सोडतं ते तुह्या हातात. तेवढंच धर." भाजलेल्या मानेची ती बाई एकदा उलटतपासणीत तीन तास उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी येऊन तुझ्यासमोर नुसती हसली. मी ते पाहिलं आहे. तुझं शिकवणं खोटं नव्हतं.

मीही यायचो. डावीकडून तिसरी सतरंजी माझी.

वर्गाच्या शेवटी शवासन. सगळे आडवे, डोळे मिटलेले, आणि तू एकेकाजवळ जाऊन मनगट धरून हात वर उचलायचास आणि सोडायचास. सैल पडला तर पुढं जायचास. माझा डावा पडायचा. उजवा वरच राहायचा. तू सोडायचास आणि तो तसाच हवेत, धरून ठेवल्यासारखा. मी डोळे मिटून असायचो, मला वाटायचं पडला. तू हळूच माझ्या कानाशी म्हणायचास, "तुहा उजवा हात सुटूनच नाही राहिला गा, मध्या." आणि दोन्ही हातांनी धरून खाली ठेवायचास, झोपलेल्या लेकराचा ठेवावा तसा. अकरा वर्षं. एकदाही तो पडला नाही, आणि एकदाही तू तो उचलायचं टाळलं नाहीस.

तुला ठाऊक होतं. आता मी स्वतःशी खोटं कशाला बोलू?

बबनच्या दोस्तांनी तुला गाठलं तेव्हाही मी होतो. गांधीबागेच्या वळणावर, दुपारी, तू सायकलवरून येत होतास. चौघं होते. एकानं सायकलची चेन फिरवली, तुझ्या चेहऱ्यावर बसली, तू पडलास. मग दुसऱ्याच्या लोखंडी सळईनं गुडघा. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मारताना त्यानंही थांबून नेम धरला. मी पानठेल्यामागे उभा होतो, तोंडात नुकताच घेतलेला विडा. तो घाव कोणाचा होता हे मला कळत होतं. सळई त्याची होती, कारण माझं होतं. चार पावलं पुढं जाऊन "थांबा, तो नाही, मी" म्हणायचं होतं. मी विडा गिळला. ते गेल्यावर धावत आलो, तुला रिक्षात घातलं. तू शुद्धीवर होतास. दात रक्तानं माखलेले, आणि मला म्हणतोस, "पोलिसात नोको जाऊ. पुन्हा तारखा नोको."

त्यानंतर तुला मांडी घालता आली नाही. स्टुलावर बसून शिकवायचास.

पण सावनेरचं सर्वांत वाईट. तुझ्या लताला पाहायला सावनेरची माणसं आली होती, मुलगा शिक्षक, त्यांना मुलगी पसंत होती. बोलणी करायला तू मलाच नेलंस. चहा झाला. मुलाच्या मामानं मला अंगणात बाजूला घेतलं. साधा माणूस होता, कापसाचा शेतकरी. म्हणाला, "तुम्ही तं त्याच मशीनवर होते म्हणे. वचन द्या अन् सांगा. यानं मारलं का नाही मारलं?"

'नाही मारलं', एवढेच दोन शब्द लागत होते. माझं नावही घ्यावं लागणार नव्हतं. पण ते म्हटलं की तो पुढं विचारणार, मग तुम्हाला कसं ठाऊक. आणि मी म्हणालो, "कोर्टानं सोडलं आहे त्यांना."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. सोयरीक मोडली. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर पाहत होतास. विचारलंस, "काय विचारलं गा त्यानं तुले?" मी म्हणालो, "असंच, शेतीचं." तू म्हणालास, "बरं." त्या 'बरं'नंतर तू पाटणसावंगीपर्यंत श्वास सोडत होतास, लांब, एक-एक. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की तो तुलाही पुरत नाही.

लता आता उमरेडला नोकरी करते, एकटी राहते. काल मला चहा देताना म्हणाली, "काका, बाबांनी कधी कोणाचं वाईट नाही केलं ना?" हा प्रश्न मुलीला पडावा! मी तुझ्या घरात बसून तुझा चहा प्यायलो.

मी एकदा प्रयत्न केला होता, तुला आठवत असेल. मागच्या उन्हाळ्यात, तुझ्या ओसरीवर. म्हटलं, "देवराव, त्या मारबतीच्या दिवशी..." आणि तू हात वर केलास. "आत्ता नोको. ज्या दिवशी हात सुटन त्या दिवशी सांगजो."

यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि भांडण राहून गेलं. तू कोण ठरवणारा? "मी एकटाच" असं म्हणायचा हक्क तुला कोणी दिला? तू मला वाचवलंस असं सगळे म्हणतील. देवराव, ठाण्यातला पट्टा मी खाल्ला असता, आठ दिवस, पंधरा दिवस. शिक्षा भोगली असती, आज सुटूनही आलो असतो. तू रोज सकाळी माझा हात उचलून खाली ठेवलास. त्यापेक्षा दार लावून बोटं मोडली असतीस तर सोपं गेलं असतं. कधी वाटतं ती माया होती. कधी वाटतं, तू मला न बोलता मारत होतास, आणि अकरा वर्षांत तुझा एकही घाव चुकला नाही. हे लिहिल्यावर मला तुझं हसू ऐकू येतं. "मध्या, बोलायले तुले कोणी बांधून ठेवलं होतं का गा?"

नव्हतं. कोणीच नव्हतं.

तुला तिरडीवर ठेवलं तेव्हा बायका रडत होत्या, गडबड चालली होती. मी तुझं मनगट धरलं आणि उचलायला गेलो. तुझा हात उचलला जाईना. ताठ होता. आयुष्यभर तू आम्हाला सांगायचास, मढ्यासारखं पडा, सगळं सोडून. मढं काही सोडत नाही, देवराव. ते जिवंत माणसालाच करावं लागतं.

दिवस उजाडला आहे. हे कागद मी छापखान्यात देण्याआधी सुमनवहिनींच्या हातात देणार आहे आणि त्या वाचतील तोवर समोर उभा राहणार आहे, बसणार नाही. लता तिथे असेल. मग बबनच्या आईकडे. ती आता दिसत नाही म्हणतात, तिला वाचून दाखवावं लागेल. मग ठाण्यात. वर्गातल्या मंडळींना ही पुस्तिका नंतर छापावीशी वाटली तर छापावी, नाहीतर राहू द्यावी.

तुझं माझ्याकडे जे राहिलं आहे ते हे: बबनला देवरावनं मारलं नाही, मी मारलं, हे या तीन ठिकाणी माझ्या तोंडानं सांगणं. लिहून झालं आहे. अजून एकदाही बोललेलो नाही.